शेवट आधीच ठाऊक असतो, तरी हलक्याफुलक्या तरुण प्रेमकादंबऱ्या का रंगतात?

पानपलट

हलक्याफुलक्या यंग अ‍ॅडल्ट प्रेमकादंबऱ्यांवर इथे फारसं बोलणं होत नाही, म्हणून हा धागा. सोळा-सतरा वर्षांची मुलं, शाळेचं शेवटचं वर्ष किंवा एखादी मोठी सुट्टी, आजचा काळ. जादू नाही, खून नाही, जग वाचवायचं नाही. दोघं भेटतात, अडखळतात, दुरावतात, परत येतात. मलपृष्ठ वाचलं की कोण कोणाचं होणार ते कळतंच. तरी चांगली कादंबरी हातातून सुटत नाही आणि वाईट असली तर चाळिसाव्या पानावर जांभया सुरू होतात. साचा मात्र दोन्हींचा एकच.

माझं मत असं, की सगळी भिस्त अडथळ्यावर असते. ही दोघं तिसऱ्याच प्रकरणात एकत्र का येऊ शकत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर पात्रांच्या स्वभावातून आलं असेल तर पुस्तक हलकं असूनही भरीव लागतं. नुसत्या योगायोगांवर तोललेलं असेल तर पोकळ. तुम्हाला काय वाटतं? आणि नवीन पुस्तक कुठल्या बाजूला जाणार हे लवकर कसं ओळखता?

निळी_शाई

विषय एकदम आवडीचा. अडथळ्याबद्दल सहमत, फक्त एक भर घालते. अडथळा दोघांचा वेगवेगळा हवा आणि गरजही वेगवेगळी हवी.

जेनी हानचं 'टू ऑल द बॉइज आय हॅव लव्ह्ड बिफोर' (2014) या बाबतीत नमुनेदार आहे. लारा जीनने लपवून ठेवलेली पाच प्रेमपत्रं ज्याची त्याला पोचतात. त्यातला एक जॉश, म्हणजे तिच्या मोठ्या बहिणीचा आधीचा मित्र. माझ्या मनात तुझ्याबद्दल आता काही नाही, हे जॉशला पटवायला तिला कोणीतरी सोबतीला हवंय. पीटरला त्याच्या आधीच्या मैत्रिणीला जळवायचंय. कारणं दोन, नाटक एक. त्यामुळे खोट्या प्रेमाचा करार दोघांनाही परवडतो आणि वाचकालाही पटतो.

फेक डेटिंगमध्ये लेखकाला मोठी सवलत मिळते. हात धरणं, एकत्र जेवणं, चुंबनसुद्धा, सगळं पहिल्या अर्ध्या भागात आणता येतं, कारण 'हे खरं नाही' असं दोघंही म्हणत असतात. जवळीक पुढे धावते, कबुली मागे राहते आणि मधल्या अंतरात वाचकाची चंगळ.

रातवा

+१ निळी_शाई. फेक डेटिंग फसतं कुठे तेही सांगतो. ज्याच्यासाठी नाटक चाललंय ते पात्र सतत आसपास हवं. सहावं प्रकरण संपता संपता ते गावाला गेलं आणि ही दोघं तरीही जोडीने फिरतायत, म्हणजे लेखकाचा खांबच निसटला. शिवाय नाटक थांबवायची तारीख आधी ठरलेली हवी: बहिणीचं लग्न, शाळेची सहल, निरोप समारंभ. तारीख असली की प्रत्येक प्रकरणात दिवस कमी होतात आणि ताण आपोआप वाढतो. तारीख नसेल तर मधली शंभर पानं नुसती भटकतात.

कोरा_कागद

थोडा विरोध नोंदवतो. अडथळा, करार, तारीख हे सगळं सांगाडा म्हणून ठीक. पण या प्रकारात वाचक पहिल्या दोन पानांत अडकतो तो आवाजामुळे. बहुतेक पुस्तकं प्रथमपुरुषी असतात आणि बरीचशी वर्तमानकाळात, 'मी दार उघडते आणि समोर तो' अशा धाटणीची. सांगणारी मुलगी हुशार आहे, सगळ्यांचं निरीक्षण करते, पण स्वतःच्या बाबतीत तिचा अंदाज साफ चुकतो. तो तिची आवडती पेन्सिल दोन महिने जपून ठेवतो आणि ती म्हणते, 'किती नीटनेटका मुलगा आहे!' वाचकाला कळलेलं असतं, तिला कळलेलं नसतं. विनोदही तिथून येतो आणि हुरहूरही.

हा आवाज नसेल तर अडथळा कितीही पक्का बांधा, पुस्तक कोरडंच राहतं.

टिपणवही

कोरा_कागद, आवाज आणि अडथळा एकमेकांपासून वेगळे काढता येतील असं मला वाटत नाही. तुमच्याच उदाहरणातली मुलगी 'मी कोणाला आवडणं शक्य नाही' असं मनाशी धरून बसली आहे, म्हणून तिला पेन्सिल दिसत नाही. तिचा आवाज हाच तिचा अडथळा झाला की!

संवादाबद्दल दोन शब्द. जुगलबंदी रंगते तेव्हा वाक्यं आखूड असतात, 'तो हसून म्हणाला', 'ती लाजून म्हणाली' असल्या शेपट्या कमी असतात, आणि एखादी गंमत पुस्तकभर फिरत राहते. पहिल्यांदा ती टोमणा म्हणून येते, पुढे खेळ म्हणून, आणि दुराव्यानंतर तेच शब्द आले की घशाशी दाटतं. चांगल्या लेखिका ही गंमत तीन-चारदाच वापरतात. दर प्रकरणात आली की तिची धार जाते.

शेवटचं_पान

लवकर कसं ओळखायचं, या प्रश्नाला माझं उत्तर. ई-पुस्तकात खाली टक्के दिसतात, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. साधारण वळणं अशी असतात:

10 टक्क्यांच्या आत दोघं समोरासमोर. 20 ते 25 च्या दरम्यान त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट: प्रकल्प, नाटकाच्या तालमी, सुट्टीतली नोकरी, करार. 50 च्या आसपास एक प्रसंग असा, की त्यानंतर 'आपण नुसते मित्र' म्हणणं अवघड. 75 ते 80 ला दुरावा. 90 च्या आसपास दिलजमाई.

ही वळणं आली म्हणून पुस्तक चांगलं ठरत नाही. पण 25 टक्के झाले तरी ती दोघं एकत्र का वेळ घालवतायत हे तुम्हाला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर पुस्तक खाली ठेवायला हरकत नाही. पुढे सुधारलेलं क्वचित दिसतं.

मधुमालती

टक्के बघत प्रेमकथा वाचायची? छे, मला नाही जमणार!

शेवटचं_पान

मधुमालती, रंगलेल्या पुस्तकात टक्के बघायचं भान राहतच नाही. खाली नजर जायला लागली की समजायचं :)

गोधडी

75 टक्क्यांच्या दुराव्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक पुस्तकं तिथेच घसरतात.

सगळ्यात कमकुवत प्रकार गैरसमजाचा. तिने त्याला दुसऱ्या मुलीला मिठी मारताना पाहिलं, फोन बंद केला, पन्नास पानं रडली, शेवटी ती चुलत बहीण निघाली. याला एकच कसोटी लावायची: एका प्रश्नाने हे सुटलं असतं का? सुटलं असतं तर तो दुरावा लेखकाने पानं भरायला घातलाय. अपवाद एकच. ती प्रश्न का विचारत नाही याची जमीन आधी तयार केलेली असेल, उदाहरणार्थ घरात कोणीच कोणाला काही विचारत नाही, विचारलं की भांडण होतं, तर तोच गैरसमज खरा वाटतो.

दुसरा प्रकार गुपित फुटण्याचा: पैज, निनावी खातं, करार. इथे वाचकाला ते गुपित आधीपासून ठाऊक हवं. सांगायच्या दोन तरी संधी आल्या आणि दर वेळी भीतीने किंवा स्वार्थाने तोंड बंद राहिलं, असं दाखवलं तर फुटतं तेव्हा चूक नेमकी कोणाची हे स्पष्ट असतं. अचानक फुटलेलं गुपित नुसता धक्का देतं आणि विरून जातं.

तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो. कोणीही खोटं बोललेलं नाही, पण दोघांना हव्या असलेल्या गोष्टी खरंच वेगळ्या आहेत. तिला लांबच्या विद्यापीठात जायचंय, त्याला घरचं कोणी सोडवत नाही. यात खलनायक लागत नाही आणि पुस्तकाचा हलकेपणाही मोडत नाही.

पानपलट

गोधडी, प्रतिसाद फार आवडला. 'सांगायच्या दोन तरी संधी' ही गोष्ट इतकी नेमकी कधी सुचली नव्हती. दुसऱ्या प्रकाराचं चांगलं उदाहरण आहे का कोणाकडे?

निळी_शाई

गुपिताच्या जागी माहितीची असमानता चालत असेल तर संध्या मेननचं 'व्हेन डिंपल मेट रिशी' (2017). दोघांच्या आईवडलांनी मनाशी लग्न जुळवलंय. रिशीला ते माहीत आहे, डिंपलला पत्ताच नाही. ती अ‍ॅप तयार करण्याच्या उन्हाळी शिबिराला आली आहे आणि तो तिला गाठून थेट भावी बायको म्हणून हाक मारतो. ती हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते आणि पळ काढते.

इथे गुपित शेवटपर्यंत ताणलेलं नाही, सुरुवातीलाच फोडून टाकलंय. पुढचं पुस्तक उरतं ते गोधडीने लिहिलेल्या तिसऱ्या प्रकारावर: तिला आधी स्वतःचं काम उभं करायचंय आणि प्रेमात अडकलं की ते हातचं जाईल ही तिची भीती. निवेदन दोघांच्या बाजूने आलटून पालटून असल्यामुळे तो तिला ओझं वाटतो तेव्हाही वाचकाला तो आवडत राहतो. एकाच बाजूने सांगितलं असतं तर पहिल्या भेटीनंतर रिशीला सावरणं कठीण होतं.

रातवा

दुहेरी निवेदनाचा तोटाही आहे. दोघांच्या मनातलं दिसायला लागलं की 'त्याला मी आवडते का' हे कुतूहल संपतं. मग लेखकाला दुसरा ताण आणावा लागतो. आणि दोघांचे आवाज वेगळे काढणं भल्याभल्यांना जमत नाही. प्रकरणाच्या डोक्यावरचं नाव झाकून मधलंच एक पान वाचायचं. कोण बोलतंय ते कळलं नाही तर दुहेरी निवेदन वाया गेलं.

अनवट

सगळे बांधणीवर बोलताय, मला वागणुकीवर बोलायचंय. हलकं पुस्तक म्हणून काहीही खपवून घ्यायचं का? नकार दिल्यावरही मागे लागणं, मित्रांवर जळून भांडणं, तिच्या फोनमध्ये डोकावणं, आणि हे सगळं 'किती प्रेम आहे त्याचं' म्हणून मांडणं. वाचणाऱ्या मुली-मुलांचं वय बघता हा प्रश्न छोटा नाही.

स्टेफनी पर्किन्सचं 'अ‍ॅना अँड द फ्रेंच किस' (2010) अनेकांचं लाडकं आहे. पॅरिसमधलं निवासी शाळेचं वर्ष, मैत्रीतून हळूहळू फुलणारं प्रेम, सगळं सुंदर. पण नायकाला बराच काळ दुसरी मैत्रीण आहे आणि तो तिला सोडतही नाही, अ‍ॅनालाही सोडत नाही. मला ते गोड मानता येत नाही.

मधुमालती

अनवट, त्या पुस्तकावर हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण पुस्तक त्याला निर्दोष ठरवतं असं मला वाटत नाही. एकटं पडायची भीती, घरातला धाक, ठरवता न येणं, हा त्याचा दोष म्हणूनच येतो, आणि त्याची किंमत त्या तिघांनाही मोजावी लागते. सतरा वर्षांच्या मुलांनी चुकूच नये असा नियम केला तर लिहायला काय उरणार?

मी बघते ते हे, की चूक केल्यावर पुस्तक कोणाच्या बाजूने उभं राहतं. त्याच्या जळण्यावर नायिका खूश होते आणि तिथेच प्रकरण संपतं, तर मला त्रास होतो. ती म्हणते 'हे मला चालणार नाही' आणि त्याला पुढच्या प्रकरणात वेगळं वागावं लागतं, तर तेच पुस्तक मी आनंदाने कोणाच्याही हातात देईन.

अनवट

ही कसोटी मान्य. पॅरिसच्या पुस्तकाबद्दल मत कायम :)

गोधडी

याच ओघात माफीबद्दल. शेवटी भर मैदानात ध्वनिक्षेपकावर माफी, सगळी शाळा टाळ्या वाजवतेय, असं दृश्य वारंवार येतं. चारशे लोकांसमोर विचारल्यावर 'नाही' म्हणायला जागा कुठे राहते? मला पटणारी माफी अशी: नेमकं काय केलं ते नाव घेऊन सांगणं, त्याने समोरच्याचं काय दुखलं ते सांगणं, आणि त्याआधीच दोन-तीन प्रसंगांत वागणं बदललेलं दिसणं. एवढं झाल्यावर वाटल्यास ध्वनिक्षेपक आणा. ज्याला लोकांसमोर बोलायची भीती आहे त्याने तो हातात घेतला तर त्याला अर्थही येतो.

कोरा_कागद

मैत्रिणींबद्दल कोणीच लिहिलं नाही? नायिकेची जिवलग मैत्रीण ही या प्रकारातली सगळ्यात दुर्लक्षित व्यक्ती. ती सल्ला देते, कपडे निवडते, रडायला खांदा देते आणि पुस्तक संपतं. नायिका आजारी पडून घरी राहिली तर त्या दिवशी ही मैत्रीण काय करेल, याचं उत्तर पुस्तकातून मिळतं का ते बघा. मिळत असेल तर मधले कंटाळवाणे भागही तरून जातात, कारण प्रेमकथा थांबली तरी गोष्ट चालू असते. प्रेमात पडल्यावर मैत्रिणीकडे झालेलं दुर्लक्ष आणि त्यावरून झालेलं भांडण नायकाबरोबरच्या भांडणापेक्षा जास्त लागतं, असं कितीतरी पुस्तकांत होतं.

आईवडलांचंही तेच. त्यांना सोयीसाठी परगावी पाठवून देणारी पुस्तकं पातळ होतात.

नवखी_वाचक

धागा वाचनखुणेत ठेवला. एक व्यावहारिक शंका. मुखपृष्ठावर रंगीत चित्र, हसणारी दोघं, म्हणून हलकं समजून घेतलं की आत एकदम मोठ्यांचा मामला निघतो. हे आधी कसं कळणार?

शेवटचं_पान

नवखी_वाचक, चित्रमय मुखपृष्ठ आता मोठ्यांच्या प्रेमकादंबऱ्यांनाही सर्रास असतं, त्यामुळे त्यावर विसंबू नका. मलपृष्ठावर वय शोधा. साधारण 15 ते 18 आणि शाळा असेल तर यंग अ‍ॅडल्ट. वसतिगृह, पदवीचं वर्ष, पहिली नोकरी असेल तर बहुधा न्यू अ‍ॅडल्ट. हे नाव 2009 मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनाने वापरात आणलं आणि त्यात शरीरसंबंधांची वर्णनं खुलेपणाने येतात. कार्यालय, घटस्फोट, घराचे हप्ते दिसले की ते मोठ्यांचं. आतल्या पानावर प्रकाशनाच्या कोणत्या शाखेने काढलंय तेही बघा. किशोरांची पुस्तकं काढणाऱ्या शाखा बहुधा वेगळ्या असतात.

यंग अ‍ॅडल्टमध्येही सगळंच चुंबनापर्यंत थांबतं असं नाही. लहान भावंडासाठी घेत असाल तर 50 आणि 80 टक्क्यांच्या आसपासची प्रकरणं आधी चाळा.

टिपणवही

जाडीवरूनही अंदाज येतो. या प्रकारातलं पुस्तक साधारण 60 ते 80 हजार शब्दांचं, म्हणजे तीनशेच्या आसपास पानं. मिनिटाला 250 शब्दांचा वेग धरला तर 70 हजार शब्दांना पावणेपाच तास. दोन संध्याकाळी किंवा एक सुट्टीचा दिवस. श्राव्य पुस्तक सात-आठ तासांचं होतं. दुहेरी निवेदन असेल तर दोन वाचक-कलाकार असलेली आवृत्ती निवडा. रातवाने सांगितलेली आवाजांची अडचण निम्मी तिथेच मिटते. पत्रं, चॅट, याद्या यांनी भरलेली पुस्तकं मात्र कागदावरच वाचावीत. प्रत्येक निरोपाआधी नाव आणि वेळ ऐकून कान किटतात.

एकाच ट्रोपची, म्हणजे कथेच्या एकाच ठरीव सूत्राची, पुस्तकं पाठोपाठ घेऊ नयेत. शत्रुत्वातून प्रेम वाचल्यावर मैत्रीतून प्रेम घ्या, मग एखाद्या दिवसात घडणारी गोष्ट. जेनिफर स्मिथच्या 2012 च्या 'द स्टॅटिस्टिकल प्रॉबॅबिलिटी ऑफ लव्ह अ‍ॅट फर्स्ट साइट'मध्ये नायिकेचं विमान चार मिनिटांनी चुकतं आणि पुढचं सगळं साधारण 24 तासांत आटोपतं. इतक्या कमी वेळात दुराव्याला जागाच नसते, म्हणून सगळा भार गप्पांवर आणि वडलांच्या दुसऱ्या लग्नाच्या सलावर येतो. सलग प्रेमकथा वाचून जीभ बोथट झाली असेल तर असा बदल बरा पडतो.

रातवा

मूळ प्रश्नाकडे परत येऊ या. शेवट ठाऊक असूनही का रंगतं?

प्रेमकादंबरीच्या रूढ व्याख्येत दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायक हवा. मोठ्यांच्या कादंबरीत याचा अर्थ बहुधा लग्न किंवा जन्माची साथ. सतरा वर्षांच्या दोघांना तसं वचन दिलं तर वाचकाला खोटं वाटतं. म्हणून इथे शेवट 'आत्ता आपण एकत्र आहोत' एवढाच असतो. आणि कधी तोही नसतो. मॉरीन डेलीच्या 'सेव्हन्टीन्थ समर'मध्ये (1942), ज्याला या प्रकाराच्या आरंभीचं पुस्तक मानतात, उन्हाळा संपतो आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. पुढे 1980च्या दशकात 'स्वीट ड्रीम्स'सारख्या मालिका आल्या आणि हलक्या, गोड प्रेमकथांचा साचा पक्का झाला.

तेव्हा 'शेवट ठाऊक आहे' हे पूर्ण खरं नाही. जुळेल हे ठाऊक असतं. टिकेल का, हे पुस्तक संपल्यावरही ठाऊक नसतं.

गोधडी

वा, रातवा! म्हणून तर शेवटच्या प्रकरणात महाविद्यालयाची पत्रं, सामानाच्या पेट्या, विमानतळ इतक्यांदा येतात. सुखान्त आणि निरोप शेजारी ठेवले की सुख जास्त जाणवतं.

मधुमालती

आणि शेवटची हमी असल्यामुळे वाचक निर्धास्त असतो. भीती नसली की बारीकसारीक गोष्टी दिसतात: त्याने तिचं नाव पहिल्यांदा नीट कधी उच्चारलं, ती कधीपासून त्याच्यासाठी जागा धरायला लागली. रहस्यकथेत आपण पुढे पळतो, इथे रेंगाळतो. दुसऱ्यांदा वाचताना तर फारच, कारण कोरा_कागद यांची ती पेन्सिल आता पहिल्याच पानापासून दिसते.

पानपलट

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्या मूळ मताला दुरुस्ती: अडथळा स्वभावातून यावा हे खरंच, पण सांगणाऱ्या आवाजातून तो दिसायलाही हवा. कोरा_कागद आणि टिपणवही यांच्या चर्चेतून हे लख्ख झालं.

अजून एक विचारायचं राहिलं. सोबतीची पुस्तकं, म्हणजे त्याच जगातल्या वेगळ्या जोडीची, क्रमाने वाचावीत की कशीही?

निळी_शाई

गोष्ट कळायला क्रम लागत नाही, पण क्रमानेच वाचा. दुसऱ्या पुस्तकात पहिली जोडी पाहुणी म्हणून येते आणि ती अजून एकत्र आहे हे सांगून जाते. अनवटच्या नावडत्या पॅरिसच्या पुस्तकाच्या पुढे 'लोला' (2011) आणि 'आयला' (2014) आहेत, तिथे हेच होतं. रातवाचा 'टिकेल का' हा प्रश्न ज्यांना छळतो त्यांच्यासाठी सोबतीच्या पुस्तकांसारखं औषध नाही.

अनवट

म्हणजे तिसऱ्यापर्यंत वाचायलाच लागणार. बरं, लोलापासून सुरुवात करते, शेजारचा मुलगा बरा वागतो असं ऐकलंय.

निळी_शाई

बरा? क्रिकेट बेल यंत्रं बनवतो, मनातलं खरं बोलतो आणि लोलाचा दुसरा मित्र आहे हे कळल्यावर अंतर राखायची धडपड करतो. तुझ्या कसोटीवर तोच उतरेल. वाचून झाल्यावर इथेच लिही.